तिठ्यावर ठेवलेली तेलाची बाटली

मित्रांनो, मला अजूनही माशाचा वास येतो. मी तपकिरी काचेची एक जुनी बाटली आहे. कॉड नावाच्या माशाचे तेल पोटात घेऊन मी बोटीने मुंबईला आणि तिथून आगगाडीने सोलापूरला आले. १९३४ साल असेल.

नर्स सोजरबाईंनी मला साखर पेठेतल्या एका विणकराच्या घरी नेले. पुढे माग खडखडत होता. मागच्या खोलीत मात्र दिवसाही अंधार. तिथे गौरम्मा होती, सहावा महिना लागलेली. तिची आधीची दोन्ही बाळे चांगली गुबगुबीत होती, पण जन्मली तेव्हा रडलीच नाहीत. सुनेच्या मागे काहीतरी लागले आहे, अशी सासू अक्कम्माची खात्री होती. म्हणून तिने खिडकीला गोणपाट ठोकले होते. गौरम्मा मोरीवर जाऊन आली की भिंतीतून मुंग्यांची काळी रांग निघे आणि तिथेच येऊन थांबे.

सोजरबाईंनी गौरम्माची लघवी निळ्या औषधात घालून तापवली. निळे पाणी हिरवे झाले, पिवळे झाले, मग विटेसारखे लाल. अक्कम्मा भिंतीला टेकली.

"भूत न्हाय मावशी, साखर हाय," सोजरबाई म्हणाल्या. "तिला रोज सुई आन् पथ्य. ह्या तेलानं साखर जायची न्हाय. पण अंधारात राहून पोरीची हाडं मऊ झाल्यात. त्यासाठी रोज चमचाभर तेल, आन् ऊन."

सुनेला रोज टोचली जाणारी सुई अक्कम्माने सोसली. माझा वास मात्र सोसला नाही. माशाच्या वासावर 'ती' येते, असे ती म्हणे. एके दिवशी तिने मला कुंकू लावले, गौरम्मावरून उतरवले आणि तिठ्यावर दोन लिंबांच्या मधे ठेवले.

गिरणीचा भोंगा झाला. माणसे आली आणि मला वळसा घालून गेली. कुत्रीसुद्धा. रस्ता भरलेला, आणि माझ्याभोवती तेवढी जागा रिकामी. तिसऱ्या दिवशी भर दुपारी मलाच वाटू लागले, की माझ्या आत खरेच कुणीतरी बसले आहे.

तेवढ्यात भिंत धरत, पाय ओढत गौरम्मा आली. उन्हात ती मेणाची दिसत होती. मागून अक्कम्मा ओरडली, "हात लावू नगं! उतारा हाय त्यो! घेऊन जाईल तुला!"

"दोन नेली की, अत्तम्मा," गौरम्मा पोटावर हात ठेवून सासूला म्हणाली. "आता हे माजं हाय." तिने मला उचलले, बूच काढले आणि तिथेच घोट घेतला.

त्यानंतर ती रोज माळवदावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, उन्हात बसे. सुई चुकली नाही, पथ्य मोडले नाही.

दिवस भरले. बाळ आले आणि खोली गप्प राहिली. सोजरबाई त्याची पाठ चोळत राहिल्या. किती वेळ, कोण जाणे. मग बारीक आवाज आला.

दाराबाहेर अक्कम्मा पुटपुटली, "कोन रडतंय? कोन हाय तितं?"

"नात हाय तुमची. या की आत," सोजरबाईंनी हाक दिली.

तिला आत यायला बराच वेळ लागला.

मित्रांनो, घरात कुणी बाई पोटुशी असेल आणि कोपऱ्यात गप्प बसलेली असेल, तर तिला भिऊ नका. तिला दवाखान्यात न्या, उन्हात बसवा. आणि काय दुखते, ते तिलाच विचारा.