सोळा पानं

धाकटीने डूख धरला होता, आणि तो कुणाला दिसू नये म्हणून ती जास्तच गोड वागत होती.

तिचा थोरला दीर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा. घरीदारी सगळे त्याला प्रोफेसरच म्हणत. धाकटीनेही त्याच विषयात एम.ए. केलेलं, शेवटचे पेपर सातव्या महिन्यात, बाकावर अवघडून बसून लिहिलेले. मुलगी वर्षाची झाल्यावर त्याच कॉलेजात तासिकेवर शिकवायची जागा निघाली. मुलाखतीच्या समितीत प्रोफेसर होताच. "घरची आहे म्हणून मी काही बोलणार नाही," असं म्हणून तो बोलला, की भावजय हुशार आहे, पण नोट्स पाठ करून पास झालेली, मूळ ग्रंथ तिला झेपायचा नाही. कॉलेजातल्या क्लार्कबाईंनी हे तिला शब्दन् शब्द सांगितलं. घरी येऊन प्रोफेसर म्हणाला ते एवढंच, "बरंच झालं गं तुझ्यासाठी. पोर लहान आहे अजून."

ती मूग गिळून बसली. वचपा काढायला घाई नसते.

प्रोफेसरची सगळी पत एका ग्रंथावर उभी होती. एका जर्मन तत्त्वज्ञाचं सातशे पानी बाड, इंग्रजी भाषांतरात. एकेक वाक्य असं लांबलचक, की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरावी. त्याची प्रत म्हणजे विद्यार्थीदशेत काढलेली झेरॉक्स, काळ्या रेक्झिनमध्ये बांधलेली. बाइंडरने खालची कड इतकी सढळ हाताने कापली होती, की पानांचे नंबरही गेले होते. त्याच प्रतीवरून झेरॉक्स काढून दर रविवारी दुपारी पुढच्या खोलीत मंडळ बसायचं: दातांचे डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर आणि एक आर्किटेक्टबाई. रविवारी एक पान. धाकटी चहा आणून ठेवायची, आणि दाराशी मुलीला खेळवत कान तिकडे ठेवायची.

यंदा प्रोफेसरने त्या ग्रंथावर मराठीत पुस्तक लिहिलं. टाइप कोण करणार? "तू घरातच असतेस ना," तो म्हणाला. प्रकाशकाने प्रत्येक अवतरणाचा पृष्ठांक मागितला, तेव्हाही तो म्हणाला, "तूच घाल शोधून. शिपायाचं काम आहे, त्यात समजायचं काही नाही."

पृष्ठांक हवे तर छापील पुस्तक हवं. जुन्या कार्डावर विद्यापीठाच्या लायब्ररीतून तिने ते आणलं. मुलगी झोपली की दुपारी दोन ग्रंथ शेजारी शेजारी उघडायचे, बोटं दोन्हीकडे ठेवून वाचायचं. मुलगी कूस बदलायची, की ही श्वास रोखून थांबायची. पहिले पंधरा दिवस काही म्हणता काही कळलं नाही. मग एकेक वाक्य तीन-तीनदा वाचता वाचता तिला त्या माणसाची खोड कळली. तो आधी नकार द्यायचा, मग त्या नकाराला नकार द्यायचा, आणि शेवटी हळूच एक साधी गोष्ट सांगायचा. साधी गोष्ट येईपर्यंत दम धरायचा, बस. मूल झोपवणाऱ्या बाईला ते जमतं.

प्रोफेसरच्या पुस्तकातल्या सातव्या प्रकरणाशी ती थबकली. प्रकरणाचं नाव 'परतून येणारा विचार'. प्रोफेसरने चाळीस पानं खर्चून सांगितलं होतं, की इथे तत्त्वज्ञ वाक्य मधेच तोडतो आणि मागची सोळा पानं अक्षर न बदलता पुन्हा लिहितो. ही पुनरावृत्तीच त्याची खरी पद्धत.

छापील पुस्तकात असलं काही नव्हतं. एकशे बारा संपून मुकाट्याने एकशे तेरा सुरू होत होतं. तीस वर्षांपूर्वीच्या झेरॉक्सवाल्याने सत्त्याण्णव ते एकशे बारा दोनदा काढली होती, आणि पुढची सोळा पानं खाल्ली होती. एवढंच. मंडळानेही ती पानं दोनदा वाचलेली. "ओळखीचं वाटतंय खरं," असं डॉक्टर दुसऱ्या खेपेला म्हणाले, तर प्रोफेसर म्हणाला होता, "तेच तर त्याला हवंय."

धाकटी हसली नाही. उठून मुलीचं पांघरूण सारखं केलं आणि पुन्हा टायपिंगला बसली. सातवं प्रकरण तिने सगळ्यांत मन लावून टाइप केलं. पृष्ठांकही खरे घातले, पहिल्या खेपेला आणि पुनरावृत्तीलाही तेच. छापून येऊ दे. चार शहाणे वाचतील, हसतील. आपण नामानिराळे.

चार महिने तिने हे पोटात ठेवलं. प्रोफेसरने प्रुफं चाळलीसुद्धा नाहीत. मग शेवटच्या शनिवारी प्रस्तावना टाइपला आली. तिच्यात एक ओळ होती: "सर्व अवतरणं मूळ ग्रंथाशी ताडून पाहण्याचं काम माझ्या धाकट्या भावजयीने केलं, काही चुका राहिल्याच असतील, तर त्या तिच्या."

"गंमत आहे गं ती," प्रोफेसर म्हणाला. "तुझं नाव होईल."

उद्या लोक हसले, की हा बोट कुणाकडे दाखवणार ते लिहूनच ठेवलं होतं. फाइल सोमवारी छपाईला जायची होती.

रविवारी तिने चहा थोरल्या जावेवर सोपवला, मुलीला नवऱ्याकडे दिलं आणि लायब्ररीचं पुस्तक घेऊन थेट पुढच्या खोलीत जाऊन बसली.

"भाऊजी, एक शंका होती. सातव्या प्रकरणातली."

"विचार की," प्रोफेसर मंडळाकडे बघून हसला. "शंका यायला लागल्या म्हणजे प्रगती आहे."

"त्याने सोळा पानं परत लिहिलीत, ती नक्की का?"

तो पंधरा मिनिटं बोलला. तिने बोलू दिलं, मधे मान डोलावली, एकदा तर "म्हणजे कसं?" असंही विचारलं. दोर जितका लांब सुटेल तितका बरा. तो थांबल्यावर तिने पुस्तक उघडून डॉक्टरांच्या मांडीवर ठेवलं.

"डॉक्टर, एकशे बारा संपतं तिथून पुढे वाचता का जरा?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. चार ओळी वाचल्या, आपली झेरॉक्स बघितली, पुन्हा पुस्तक बघितलं. आर्किटेक्टबाई वाकून बघू लागल्या. मॅनेजर म्हणाले, "अहो, हे तर वेगळंच आहे."

"वेगळी आवृत्ती असेल," प्रोफेसर म्हणाला.

"एकच आहे. साल, प्रकाशक सगळं तेच. तुमच्या प्रतीत झेरॉक्सवाल्याने सोळा पानं दोनदा घेतलीत, भाऊजी."

दारात थोरली ट्रे घेऊन उभी होती. ट्रेमधले कप हलले.

"तुला कधी कळलं हे?" प्रोफेसरने हळू विचारलं.

"चार महिने झाले."

"आणि बोलली नाहीस?"

"समजायचं काही नाही म्हणाला होतात."

त्याचा चेहरा उतरला. तो उठायला लागला, तशी ती म्हणाली, "बसा ना. ही पानं तुम्ही वाचलेलीच नाहीत." आवाज एकदम मऊ होता, मुलीला औषध पाजताना लागतो तसा.

उठून जावं तर पळाला म्हणतील. तो बसला.

धाकटीने पुस्तक परत घेतलं आणि एकशे तेरापासून वाचायला लागली. घाई केली नाही. नकार आला तिथे थांबली, नकाराचा नकार आला तिथे सोप्या मराठीत सांगितलं, साधी गोष्ट आली तेव्हा मान वर करून प्रोफेसरकडे बघितलं. मॅनेजर पेन काढून आपल्या झेरॉक्सच्या समासात लिहायला लागले. चहा गार झाला. तिसऱ्या पानाशी प्रोफेसर पुटपुटला, "पुरे आता, कळलं."

"अजून तेरा आहेत, भाऊजी," ती म्हणाली आणि पान उलटलं.