काळूचं बाप्तिस्म्याचं नाव

माझ्या हातून गेलेल्या पानांना सुक्या बोंबलाचा वास येतो, ही श्रीपतरावांची कायमची तक्रार. येणारच. घर पाचूबंदरला, अंगणात बोंबील वाळत घातलेले आणि कामाची जागा म्हणजे ओटीवरचं एक टेबल. मी त्यांना एकदा सांगूनच टाकलं, वास सोसत नसेल तर काम दादरला देत जा. तेव्हापासून ते नाकाला रुमाल लावायचे, पण काम मात्र माझ्याकडेच द्यायचे.

ही गोष्ट एकोणऐंशी सालची. श्रीपतराव नालासोपाऱ्याला राहायचे आणि मुलांच्या एका चित्रकथा पाक्षिकाचे संपादक होते. परदेशी कॉमिक्स घ्यायचं, त्याचं मराठी करायचं आणि छापायचं. मराठी ते स्वतः लिहीत. माझं काम कात्रीचं आणि डिंकाचं. संवादाच्या फुग्यांतलं इंग्रजी झाकायचं, वर वळणदार मराठी अक्षर काढायचं आणि मूळ बावीस पानांची गोष्ट सोळा पानांत बसवायची. म्हणजे दर अंकाला सहा पानं उडवायची. एका शनिवारी एसटीने जाऊन गठ्ठा आणायचा, पुढच्या शनिवारी नेऊन द्यायचा.

उडवायचं काय, याचा नियम ठरलेला होता.

"क्लाराबाई, गगनवीराचा एकही ठोसा कापायचा नाही," श्रीपतराव सांगायचे. "जागा कमी पडली की काळूवर कात्री."

गगनवीर म्हणजे गोष्टीचा नायक. आकाशात उडणारा, गोरापान, छाती दाराएवढी. काळू हा त्याचा काळा साथीदार. अंगात बळ गगनवीराच्या तोडीचं, पण अंधाऱ्या भुयारात आधी हा, सापळ्यात पाय टाकायला आधी हा आणि "होय मालक" म्हणायलाही हाच. काळू हे नाव श्रीपतरावांनी दिलेलं. मी तीन वर्षं त्याला कापत आले आणि मला एकदाही काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू?

वाटायला लावलं ते माझ्या सासूने. तिचं नाव पॉलिन, आम्ही सगळे आय म्हणतो. जन्म पाचूबंदरचा, लग्नही तिथेच, आणि मासळीच्या लिलावाच्या वेळी तिच्या तोंडाला लागायची कोणाची टाप नव्हती. मी आगाशीकडच्या बागायतदारांच्या घरातली, म्हणून पहिली दोन वर्षं तिने मला केळेवाली म्हणूनच हाक मारली. तिला अक्षर वाचता येत नाही. माझा नवरा व्हिन्सेंट बोटीवर गेला की घरात आम्ही दोघीच. ती खाली बसून मासळी साफ करायची आणि मी फुगे मोठ्याने वाचत काम करायचे.

एकदा ती हात धुऊन टेबलापाशी आली आणि काळूच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "ह्याचं तोंड कुठं गेलं?"

तोंड होतं कुठे? परदेशातून येतानाच ते काळ्या शाईने भरून यायचं. दोन डोळे आणि दातांची रांग, बास. गगनवीराच्या मात्र हनुवटीचा खळगासुद्धा स्वच्छ. मी अर्धं ब्लेड घेतलं आणि शाई हलक्या हाताने खरवडून नाक काढलं, गाल काढला, कपाळावर दोन आठ्या दिल्या. आय बराच वेळ बघत राहिली.

"हां," ती म्हणाली. "आता मानूस दिसतो."

तेव्हापासून हा मला एक वाढीव उद्योगच होऊन बसला. प्रत्येक अंकात काळूचं तोंड खरवडून काढायचं. आणि आयच्या चौकशा सुरू झाल्या. हा राहतो कुठं? ह्याला आय हाय का नाय? जेवतो कुठं?

मी म्हटलं, असेल की कुठेतरी. तर म्हणते, "दाखव."

मग मी मागचे सगळे गठ्ठे काढले. दोन दिवस त्यातच गेले. गगनवीराला बंगला होता, बाग होती, भिंतीवर आईचा फोटो होता, प्रेयसी होती, एक कुत्रासुद्धा होता आणि त्या कुत्र्याला नाव होतं. काळूला तीन वर्षांत एक खोली नाही. तो झोपलेला कुठे दिसला नाही, ताटावर बसलेला दिसला नाही. गगनवीराने हाक मारली की दारात उभा, काम झालं की गायब. मला स्वतःचाच राग आला. इतकी पानं हाताखालून गेली आणि हे एका अडाणी बाईने विचारल्यावर मला दिसलं.

"आनि ह्याचं बाप्तिस्म्याचं नाव काय?" आयने विचारलं. "काळू काय नाव झालं? ते तर कोनी पन कोनाला म्हनेल."

मूळ इंग्रजीत गगनवीर त्याला बहुतेक वेळा 'बॉय' म्हणायचा. मी तसं सांगितलं. आय हसली, पण ते हसू बरं नव्हतं.

"तुझ्या सासऱ्यालाबी जहाजावर बॉयच म्हनायचे. बावन्न वर्षांचा होता."

माझे सासरे सॅन्टन परदेशी मालकाच्या जहाजावर स्वयंपाकघरात होते. जहाजाला आग लागली त्यात ते गेले, एवढंच मला ठाऊक होतं. मी लग्न होऊन आले त्याआधीची गोष्ट. घरात त्यावर कोणी बोलत नसे.

कापलेले तुकडे टाकून द्यायला माझा जीव होत नाही. ते मी बिस्किटांच्या डब्यात ठेवते. त्या डब्यातच शेवटी नाव सापडलं. मीच कधीतरी कापून टाकलेल्या एका चित्रात काळूच्या हातात पत्र होतं आणि पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, अमोस. म्हणजे त्याला पत्र लिहिणारं कोणीतरी जगात होतं आणि ते मी डब्यात टाकलं होतं.

"अमोस," आयने म्हणून पाहिलं. "चांगलं हाय. बायबलातलं हाय."

सप्टेंबर संपत आला आणि तो अंक आला. त्यात एक धरण फुटायला आलेलं असतं. गगनवीर आत अडकलेला. काळू लोखंडी दरवाजा पाठीवर तोलून धरतो, "तुम्ही जा मालक" म्हणतो, गगनवीर उडून बाहेर पडतो आणि पाणी येतं. मग कड्यावर उभा राहून गगनवीर म्हणतो, "शूर होता बिचारा." एवढंच. पुढच्याच पानावर त्याच्या गळ्यात हार आणि शहरभर मिरवणूक. मरण तीन चित्रांत आटोपलेलं, मिरवणुकीला दोन पानं.

श्रीपतरावांना ती तीन चित्रंही नको होती.

"मेलेला दाखवूच नका," ते म्हणाले. "मुलांचा अंक आहे. दरवाजा धरला, गगनवीर सुटला, संपलं. पुढच्या अंकात काळू नसेल. कोण विचारतंय?"

मी त्यांना म्हणाले नाही की आमच्या घरात एकजण विचारते.

मी सांगितल्याप्रमाणे कापलं. ठोसे सगळे ठेवले, हार ठेवला, मिरवणूक ठेवली. शुक्रवारी दुपारी शेवटचं पान चिकटवत होते तेव्हा आय बाजारातून आली. टोपली खाली ठेवायच्या आधीच तिने विचारलं, "आज अमोसचं काय?"

आणि मी सहज खोटं बोलले. म्हटलं, "गेला, आय. आपल्या देशाला गेला. तिकडे दुसऱ्या कामावर लागला."

तिने टोपली ठेवली. पदराने मान पुसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"असंच सांगतात," ती म्हणाली.

मग ती पायरीवर बसली आणि तिने मला सांगितलं. सासऱ्यांची पत्रं बंद झाली तेव्हा ती मुंबईला, जहाजावर माणसं लावणाऱ्या एजंटाच्या कचेरीत गेली होती. तिथला माणूस म्हणाला, सॅन्टन एका बंदरावर उतरला, दुसऱ्या जहाजावर लागला, येईल. ती तीनदा गेली, तीनदा हेच. आठ महिन्यांनी टपालाने कागद आला.

"आठ महिने मी माळ धरून त्याच्या येन्यासाठी मागत होते," आय म्हणाली. "सुखरूप आन, सुखरूप आन. आनि तो कधीच मेलेला. मेल्या मानसासाठी जे मागायचं असतं ते आठ महिने कोनी मागितलंच नाय. तो तसाच पडून होता, बिनप्रार्थनेचा."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"मेला, आय," मी म्हटलं. "पाण्यात गेला. दरवाजा धरून उभा राहिला आणि दुसऱ्याला बाहेर काढलं."

"कोन होतं तेव्हा त्याच्याजवळ?"

"कोणी नव्हतं."

तिने मान हलवली, कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूस केला आणि मासळी साफ करायला घेतली.

डिंक अजून ओला होता. मी शेवटची पानं सोडवली. बिस्किटांच्या डब्यातून ती तीन चित्रं काढली आणि परत जागेवर बसवली. जागा हवी होती म्हणून गगनवीराचे पाच ठोसे आणि मिरवणुकीचं एक अख्खं पान उडवलं. काळू दिसतो त्या शेवटच्या चित्रात त्याचं तोंड मी पूर्ण खरवडून काढलं, दुपार त्यातच गेली. आणि "शूर होता बिचारा" या फुग्यात श्रीपतरावांना न विचारता आणखी एक शब्द घातला. "शूर होता बिचारा अमोस."

शनिवारी नालासोपाऱ्याला गठ्ठा दिला. श्रीपतरावांच्या घरी पाहुणे होते. त्यांनी गठ्ठा नाकापासून लांब धरला आणि न उघडता पिशवीत टाकला. अंक तसाच छापून आला.

अंक मुलांच्या हाती गेल्यावरच्या खेपेला ते दारातच उभे राहिले. आवाज चढवला नाही त्यांनी, तो त्यांचा स्वभावच नव्हता.

"क्लाराबाई, पाच ठोसे गेले," ते म्हणाले. "आणि हा अमोस कोण?"

"काळूचं नाव आहे ते. मूळ पानातच होतं."

"मुलं गोंधळली असतील."

"पत्रं आली का तशी?"

"पत्रं आली," ते म्हणाले. "मुलं विचारतायत, त्याला पुरलं कुठे."

त्या दिवशी त्यांनी गठ्ठा दिला नाही. यापुढे दादरचा एक मुलगा करेल म्हणाले. मी बरं म्हटलं आणि एसटी पकडली. वाईट वाटलं, फार वाटलं. ते टेबल मला आवडायचं.

नोव्हेंबर आमच्याकडे मृतांचा महिना. घरोघरचे लोक आपल्या गेलेल्यांची नावं चर्चमध्ये नेऊन देतात आणि रविवारी मिस्साच्या वेळी फादर ती वेदीवरून वाचतात, सगळे मिळून त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. आमच्या घरचं नाव दरवर्षी आयच देऊन येते. त्या रविवारी मी तिच्या शेजारी बसले होते. फादर वाचत होते, ऑगस्टीन, मेरी, आलोशियस, युजीन. मग आमचं आलं. सॅन्टन. आणि त्याला लागूनच, त्याच आवाजात, अमोस.

पुढच्या बाकावरच्या दोघी मागे वळल्या. अमोस नावाचा माणूस अख्ख्या पाचूबंदरात नाही. मी खाली मान घातली. आय समोर बघत होती. फादर म्हणाले, "प्रभू, यांना चिरंतन शांती दे," आणि सगळं चर्च त्यांच्यामागोमाग म्हणालं. तीन-चारशे माणसं असतील. ज्याला तीन वर्षांत कोणी एक खोली दिली नाही, त्याच्यासाठी तीन-चारशे माणसं गुडघ्यावर होती.

बाहेर आल्यावर बायकांनी आयला घेरलंच. "अमोस कोन गं, पॉलिन?"

"क्लाराच्या कामावरचा होता," आय शांतपणे म्हणाली. "पान्यात गेला. दुसऱ्याला काढून."

बायका माझ्याकडे वळल्या. एकेकीने माझा हात हातात घेतला, वाईट झालं म्हणाली, घरच्यांना कळवलं का विचारलं. एका म्हातारीने तर मला जवळ घेतलं. काय सांगणार होते मी त्यांना? आणि मला रडू आलं ते काही खोटं नव्हतं.

रस्त्याला लागल्यावर मी म्हटलं, "आय, तुला ठाऊक आहे ना? तो कागदावरचा माणूस."

"मला काय खुळी समजतेस?" आय म्हणाली. "तुझे सासरेबी शेवटी माझ्याकडं कागदावरच आले. दोन ओळी. व्हिन्सेंटने वाचून दाखवलं, त्यात नाव नव्हतं, नुसता नंबर होता. नाव मीच जाऊन फादरला सांगितलं."

मी तिची चर्चची पिशवी हातातून घेतली. ती एरवी कोणाला देत नाही, त्या दिवशी दिली.