चकतीवरचं कुंकू

मी सायकल बोलतेय, आणि आधीच सांगून ठेवते, गोड बोलणार नाही. गोड बोलणारा माणूस दोन वर्षं माझा मालक होता. तेवढं पुरे झालं.

तैवानच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. डोंगर आणि जंगलं डोळ्यांपुढे ठेवून मला घडवलं गेलं. रुंद टायर, पुढे धक्के पचवणारं सस्पेन्शन, आणि दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक चकचकीत पोलादी चकती. लिव्हर दाबलं की दोन पॅड त्या चकतीला आवळतात आणि मी थांबते. चकतीला पाणी चालतं, चिखल चालतो. तेलाचा थेंब चालत नाही. हे माझ्या मॅन्युअलच्या तिसऱ्याच पानावर ठळक अक्षरांत छापलंय. ते मॅन्युअल अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे.

मला विकत घेतलं डॉक्टर उदयने. लेस्टरच्या हॉस्पिटलात तो भूल देतो. पन्नाशी झाली तेव्हा बरोबरचे डॉक्टर वीकेंडला डोंगरात सायकली घेऊन जायला लागले होते, मग यालाही हवी झाली. आणली, आणि ओडबीच्या घरातल्या गॅरेजमध्ये, तांदळाच्या पोत्याशेजारी उभी केली. दोन वर्षांत चार वेळा बाहेर काढली. त्यातली एक वेळ फोटोपुरती. पण हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये हा माझ्याबद्दल बोलायचा ते ऐकलं असतंत, तर वाटलं असतं की स्वारी रोज आल्प्स ओलांडून कामावर येते. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय.

त्याची बायको मधुमती डोळ्यांची सर्जन. मूळची मिरजेची, त्याच हॉस्पिटलात. मोतीबिंदूची ऑपरेशनं करावीत तर तिनेच, असं तिथल्या नर्सेस आपापल्या आयांना सांगायच्या. तिच्याकडे एक जुनी, जड, बास्केटवाली सायकल होती आणि ती बाई रोज त्याच सायकलवरून हॉस्पिटलला जायची. पावसात, थंडीत, न बोलता. मला तिचा थोडा रागच यायचा. एवढी चालवतेस, तर मला का नाही घेत? पण मी उदयची होते ना.

गेल्या वर्षी दोघांनी फ्रान्सला जायचं ठरवलं. बर्गंडीत आठवडाभर, कालव्याकाठच्या वाटा, बीच आणि ओकची जंगलं. निघायच्या आदल्या दिवशी दसरा होता. मधुमती ऑन-कॉल होती. उदयने बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी दुकानातून झेंडू आणला, दाराला तोरण लावलं, कारची पूजा केली आणि मग ताट घेऊन माझ्याकडे वळला.

पूजेला माझा विरोध नाही. वर्षातून एकदा कुणी आपल्याला ओवाळावं हे कुणाला आवडणार नाही? पण याला स्वस्तिक काढायला जागा कुठली सापडली, तर चकती. का, तर तिथे चकाकतं, फोटोत छान येतं. कोरडं कुंकू पोलादावर धरेना. पाण्यात कालवलं, तर ओघळ आले. मग या शहाण्याने समईतलं तेल घेतलं, त्यात कुंकू कालवलं आणि दोन्ही चकत्यांवर लालभडक स्वस्तिकं काढली. फोटो काढून ग्रुपवर टाकला. पन्नास नमस्कार आले. मग कारची सीट लाल होईल म्हणून फडक्याने मला खसाखसा पुसलं. रंग बराचसा गेला. तेल मात्र चाक फिरलं तसं चकतीभर पसरलं आणि पॅडमध्ये मुरलं.

माणसाला रात्रंदिवस शिकवलं जातं म्हणे, की पेशंटला हात लावण्याआधी हात धुवा. वस्तूला हात लावण्याआधी दोन ओळी वाचा, हे कुणी शिकवत नाही.

फ्रान्समधला पहिला दिवस सपाट होता. कालव्याकाठची वाट, पॉपलरची झाडं, पाण्यात संथ होड्या. उदय माझ्यावर, मधुमती तिच्या बास्केटवाल्या सायकलवर. प्रत्येक लॉकपाशी, म्हणजे जिथे होड्यांसाठी पाणी अडवून वरखाली करतात तिथे, उदय ब्रेक दाबायचा आणि मी किंचाळायचे. बदकं उडून जायची. मधुमती म्हणाली, "ब्रेकचा आवाज बरोबर नाहीये. एकदा चेक करून घेऊ या ना."

"नवीन आहे गं, अजून बेडिंग इन होतंय," उदय म्हणाला. म्हणजे नवे पॅड चकतीवर घासून नीट बसणं; हे इंग्रजी शब्द त्याने आदल्या आठवड्यात एका व्हिडिओत ऐकले होते.

दुसऱ्या दिवशी जंगल. वर चढायला तास लागला. माथ्यावरून वाट खाली कालव्याकडे जात होती. चांगला उतार, ओली पानं, मुळं, आणि तळाशी लॉकचा दगडी कठडा. उदय थोडं अंतर उतरला. त्याने पुढचा ब्रेक दाबला. मी घसरत राहिले. मागचा दाबला. तरी घसरत राहिले. शेवटी पाय टेकून, झाडाला धरून त्याने मला थांबवलं. त्याचे तळहात घामाने ओले झाले होते. मला कळलं, आणि त्यालाही कळलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तो वेगळंच सांगणार आहे.

तो मला ढकलत परत वर आला. मधुमती पाणी पीत उभी होती. ब्रेक लागत नाहीये, चालत उतरू, एवढे पाच शब्द बोलला असता तर संपलं असतं. पण दोन वर्षं कॅन्टीनमध्ये फुगवलेली छाती आता बायकोसमोर कशी खाली करणार?

"मधू, तू ही घे," तो म्हणाला. "सस्पेन्शन आहे, धक्के बसत नाहीत. तुझे हात जपायला हवेत."

मधुमतीचा चेहरा उजळला. तो चेहरा आठवला की माझ्या आजही अंगाची आग होते. "नक्की? तुझी लाडकी आहे ती."

"घे गं. तू पुढे हो, मी वरून फोटो काढतो."

ती बसली. मी काय करणार? मला जीभ नाही, किंचाळणं तेवढं येतं. पहिल्या वळणापासून मी जीव तोडून किंचाळले. तिने दोन्ही लिव्हर शेवटपर्यंत आवळली होती. पॅड चकतीवरून नुसते सरकत होते. तळाशी ती उजव्या हातावर कठड्यावर आपटली आणि मी कालव्यात गेले. एका होडीवाल्याने आकड्याने मला बाहेर काढलं. फोटो उत्तम आला होता, हेही सांगून टाकते.

मनगट दोन ठिकाणी मोडलं. प्लेट आली, स्क्रू आले. हाडांचा सर्जन म्हणाला, वर्षभर थांबा, मग कळेल. काय कळेल, ते तिने विचारलं नाही. डोळ्याच्या आत केसाएवढी हालचाल करणारा हात तो. तो परत ऑपरेशन करेल की नाही, एवढाच प्रश्न त्या घरात उरला होता आणि कुणी तो मोठ्याने बोलत नव्हतं.

उदय मात्र बोलत होता. "ब्रेक फेल झाले. मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट." येणाऱ्याजाणाऱ्याला हेच. दुकानाला तीन ईमेल. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं, तर निदान वांग्याला तोंड तरी असावं. मी गॅरेजमध्ये उभी राहून ऐकत होते.

शेवटी रिपोर्ट हवा म्हणून त्यानेच समरला बोलावलं. समर कॉव्हेंट्रीत जन्मलेला, चाळिशीचा, व्हॅन घेऊन घरोघरी सायकली दुरुस्त करतो. त्याने माझी चाकं काढली, पॅड बाहेर काढून वास घेतला, बोट फिरवलं. मधुमती हात गळ्यात बांधून दारात उभी होती.

"अंकल, सायकल चांगला आहे," समर म्हणाला. "डिफेक्ट नाही. पॅडमध्ये ऑइल गेलाय." मग त्याने चकतीच्या बारीक भोकांमधून टाचणीने काहीतरी खरवडलं. लाल. "हे कुंकू आहे का? माझी मम्मी पण करते दसऱ्याला. पण ती बेलला लावते."

उदय म्हणाला, "एवढ्याशा तेलाने काय होतंय?"

"पहिल्या ब्रेकलाच कळतं, अंकल. ज्याने आधी चालवला, त्याला हंड्रेड पर्सेंट कळला असणार."

समरला बिचाऱ्याला काय ठाऊक आधी कोण चालवत होतं. तो हत्यारं आवरायला लागला. मधुमती नवऱ्याकडे बघत राहिली.

"उदय, तू वर परत का आला होतास?"

"मधू, मला वाटलं, तू हळू चालवतेस, तुला..."

"तुला माहीत होतं."

ती रडली नाही. समरला म्हणाली, "नवे पॅड घाल. आणि पुढचा ब्रेक डावीकडे घे. माझ्या उजव्या हातात जोर नाही. आजपासून ही मी चालवणार."

या सप्टेंबरात तिने ऑपरेशनं कायमची सोडली. हात वळतो, पण वीस मिनिटांनी थरथरतो. आता ती क्लिनिक बघते, शिकाऊ डॉक्टरांना शिकवते. तिचं काय गेलं ते मला माहीत आहे, कारण रोज सकाळी तोच हात माझ्या मुठीवर असतो. उदयला मी माफ केलेलं नाही. तिने केलंय का, मला माहीत नाही. विचारायची माझी छाती नाही.

परवा दसरा झाला. तो ताट घेऊन गॅरेजच्या दाराशी आला. ती म्हणाली, "तिथेच ठेव." तिने स्वतः डाव्या हाताने माझ्या घंटीला एवढंसं कुंकू लावलं. कोरडं.

रविवारी ती मला फॉक्सटनच्या कालव्याकडे घेऊन निघाली. उदय मागून आला, तिची जुनी बास्केटवाली सायकल हातात धरून. "मी येऊ?"

तिने मागे न बघता मान हलवली. तुम्हाला एकच सांगते, वाचणाऱ्यांनो. आम्हाला ओवाळलं नाहीत तरी चालेल. पण जी वस्तू स्वतःच्या हातात धरायला भीती वाटते, ती प्रेमाने दुसऱ्याच्या हातात देऊ नका.

उताराच्या माथ्यावर मधुमती थांबली. खाली लॉकचे दरवाजे दिसत होते. तिने खिशातून फोन काढला.

"उदय, तू पुढे हो," ती म्हणाली. "मी वरून फोटो काढते."

त्याने ब्रेक दाबून पाहिला. मग परत दाबून पाहिला. मग सायकलवरून उतरून तो चालत खाली गेला.