चिठ्ठी पिशवीतच हवी

लालबागला मालनआत्याचं मसाला कांडायचं दुकान. गिऱ्हाईक मिरच्या घेऊन आलं की आत्या चिठोऱ्यावर नाव आणि 'तिखट किती' लिहून पिशवीत टाकायची. भाजणं, कांडणं, चाळणं... चिठ्ठी मसाल्याबरोबर फिरायची. तीस वर्षं चाललेलं हे प्रकरण तिच्या भाचीला, श्रेयाला, बघवेना. पोरगी लोअर परळच्या एका ऑफिसात नवीनच कंप्युटरवर चिकटलेली.

"आत्या, वेबसाइट करते. घरबसल्या ऑर्डर, इकडे लेबल छापून बाहेर!"

"ऐन एप्रिलात? एक आठवडा देते. घोळ झाला तर तुझं ते खोकं माळ्यावर, आणि तू दुकानाची पायरी चढायची नाहीस."

आत्या बोलली म्हणजे बोलली. ऑफिसात श्रेयाला कोणी कशाला हात लावू देत नव्हतं. हे तिचं पहिलं स्वतःचं काम. शंभरदा स्वतःच ऑर्डर देऊन तिने तपासलं. एकदम ओके.

शनिवारी मच्छीमार नगरचे कुशाबा डबा घेऊन हजर. "चाख, मालनबाई."

आत्याने चाखलं. "अगं बाई! हे कालवण आहे की पेज?"

"मी जहाल लिहिलेलं! काल व्याही जेवायला आलेले. विहीणबाई विचारतात, घरात कोण आजारी आहे का? शोभा झाली माझी!"

श्रेयाने पाहिलं, तर कुशाबांच्या लेबलवर 'बेताचं'. त्याच मिनिटाला फणसवाडीच्या बकुळाबाईंचीही ऑर्डर आलेली. त्यांना अ‍ॅसिडिटी, त्यामुळे बेताचं त्यांचं.

"तिखट लिहून ठेवतेस कुठे?" आत्याने विचारलं.

"सर्व्हरवर. एका जागी."

"सगळ्यांचं एकाच जागी? म्हणजे अख्ख्या दुकानात एकच पाटी! कुशाबांनी जहाल लिहिलं, लेबल छापायच्या आत बकुळाबाईंनी पुसून बेताचं लिहिलं."

"पण मी तपासलं तेव्हा..."

"तू एकटी होतीस. एकटीला पाटी पुरते."

श्रेया कंप्युटरसमोर बसली ती चार तास उठली नाही. आता येणाऱ्या प्रत्येक ऑर्डरला सर्व्हरवर आपली वेगळी चिठ्ठी. लेबल छापेपर्यंत ती त्याच ऑर्डरबरोबर फिरणार, मग फेकून द्यायची. कुशाबांना थांबवून ठेवलेलंच होतं. बकुळाबाईंना फोन लावून दोघांना एकदम बटण दाबायला लावलं. लेबलं आली: कुशाबा, जहाल. बकुळाबाई, बेताचं.

कुशाबा नवा मसाला घेऊन खुशीत गेले. श्रेया निघताना आत्याने तिच्या हातात घरच्या मसाल्याची पिशवी कोंबली आणि पाठ फिरवली. घोळ तो घोळच, श्रेयाला वाटलं. घरी जाईपर्यंत तिला रडू आवरेना.

आईने पिशवी सोडली तर आत चिठ्ठी.

'नाव: श्रेया. तिखट: बेताचं. माळ्यावर जागा नाही. उद्या लवकर ये.'