ऑकलंड, पंधरा तास

आमच्या कोष्ट्यांच्या घरात माणूस परगावी निघाला की तो पोहोचल्याचा निरोप येईस्तोवर कोणी झाडू हातात घेत नाही. केर काढला तर त्याची वाट पुसली जाते, असं माझी सासू म्हणायची. तेव्हा माणसं लुगडी विकायला जवळच्या उमरेडला जात, दुपारी निरोप यायचा. आता माझा संजीव नोकरीसाठी न्यूझीलंडला, ऑकलंडला निघाला, म्हणून काय रीत मोडायची?

काल चारच्या विमानानं तो गेला. संध्याकाळी शेजारची सिंधूताई आली. खाली चपलांची माती, संजीवला घातलेल्या हाराच्या पाकळ्या. तिनं साडी घोट्यावर उचलली.

"काय वं रुख्मा, झाडूबी विमानात पाठवला काय?"

"तुह्या घरी रोज झाडतात, तरी झुरळं फिरूनच राहिली," मी म्हटलं. पण लागलं मला ते.

ती गेल्यावर मी फोनलाच विचारलं, नागपूर ते ऑकलंड विमानाला वेळ किती? मला वाचता फार येत नाही, पण फोन माझं ऐकतो. सुनेपेक्षा बरं ऐकतो. तो बोलला, अंतर बारा हजार किलोमीटर, उड्डाणाला पंधरा तास. मी बोटांवर मोजलं. सकाळचे सात.

सातला प्रणाली, माझी सून, आंघोळीला गेली होती. मी कोपऱ्याकोपऱ्यातून केर ओढला आणि बाहेरच्या डब्यात टाकला. फरशी अशी चकचकीत, की सिंधूताईनं तोंड पाहावं.

प्रणाली ओल्या केसांनी बाहेर आली ती तिथंच थांबली.

"आई, कोणं झाडलं हे?"

"मीच. पोहोचला असंन तो. फोननं पंधरा तास सांगतले."

"फोन सरळ अंतर धरून सांगते, आई! असं थेट विमानच नाही इथून. आधी मुंबई, मग सिंगापूर, तिथून तिसरं विमान. आत्ता समुद्रावर आहेत ते."

तिनं फोनवर नकाशा उघडला. सगळं निळं, त्यात एवढंसं पिवळं विमान. आजूबाजूला जमीन नाही.

"काहून दाखवून राहिली मले? बंद कर."

तिनं बंद केलं नाही. दोघी बघत होतो, आणि विमानाचं नाक वळलं. आलं होतं तिकडेच तोंड झालं.

"परत फिरून राहिलं, आई."

मी उठले. डबा आणून फरशीवर उलटा केला आणि माती हातानं पसरली. दारातून सिंधूताई बघत होती. ती आत आली. आज तिनं साडी उचलली नाही.

दहाच्या सुमारास संजीवचा फोन आला. "आई, सिंगापूरले वापस आणलं आम्हाले. मधातच विमानात धूर झाला होता. मी बरा आहो. संध्याकाळी दुसऱ्या विमानात बसवतात."

"किती वाजता पोहोचाल..." प्रणाली विचारू लागली. मी तिचं मनगट दाबलं.

"बस बाबू," मी म्हटलं. "बिनघोर बस."

आता संध्याकाळ झाली. तो पुन्हा हवेत आहे. नागपूरचा मे महिना, अंगातून धारा लागल्यात, पण पंखा मी बंद ठेवलाय. पाकळी जागची हलता कामा नये.