आसगावचा दिवा आणि कौशल्येचा खांदा

मंगळवार उजाडला की आसगावच्या त्या आमराईत पाय ठेवायला जागा उरत नसे. धानाचे भारे वाहून खांदे भरून आलेल्या बाया, स्टिअरिंग फिरवून दमलेले ट्रॅक्टरवाले, पवनीचे विणकर, सगळे एका रांगेत. भोवती मोबाईल उंच धरून उभी असलेली बघ्यांची गर्दी, आणि मधोमध चौरंगावर दिवेवाले महाराज. या महाराजांचा देव फक्त खांद्यापुरता होता. कुणी गुडघा घेऊन गेला तर महाराज त्याला हात जोडत आणि पोटदुखीवाल्याकडे बघतसुद्धा नसत. पण आखडलेला हात ते भर सभेत आभाळाला लावून दाखवत. मग कोण कशाला शंका काढतो!

त्या रांगेत पवनीचा सेवकराम बायकोला घेऊन उभा होता. दोघंही हातमागावर कोसा रेशीम विणणारे. आडवा धागा पळवणाऱ्या धोट्याची दोरी उजव्या हाताने ओढायची, दिवसातून हजारो वेळा. गेले दोन महिने कौशल्येचा उजवा खांदा ठणकत होता. हात अर्ध्यापर्यंत उचलला की कळ यायची आणि त्या कुशीवर झोपणं तर बंदच झालं होतं.

सेवकराम आधी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला होता, नाही असं नाही. तिथल्या फिजिओथेरपिस्ट मोनिका मॅडमनी खांदा दाबून, फिरवून पाहिला आणि समजावून सांगितलं. खांद्याच्या हाडाखाली पाण्याची एक इवलीशी पिशवी असते. हाडावर हाड घासू नये म्हणून निसर्गाने ठेवलेली. ती सुजली आहे. पंधरा दिवस माग बंद, बर्फाने शेक, वाकून हात लोंबता ठेवायचा आणि हलके झोके द्यायचे, नंतर भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. दीड-दोन महिन्यांत खांदा ताळ्यावर येईल.

सेवकरामला हसूच आलं. "मॅडम, दिवसभर इचा हातच चालते. अजून व्यायाम कायचा?"

"दोरी ओढणं म्हणजे व्यायाम नाही, दादा. त्यानंच तर सूज आली."

त्याला ते काही पटलं नाही. सुई नाही, सलाईन नाही, भिंतीवर बोटं नाचवायची, हा काय इलाज झाला? विणकराला हात हलवायला शिकवणारी ही कोण? पुढच्याच मंगळवारी त्याने आसगाव गाठलं.

कौशल्येचा नंबर आला तेव्हा महाराजांचा चेला कवडू याने तिला पुढे आणलं. त्याआधी रांगेत त्याने तिचा हात हळूच हलवून पाहिला होता. तसा तो प्रत्येकाचाच पाहायचा, आणि ज्यांचा हात अगदीच निकामी असे त्यांना "तुमच्यावर अजून कोप आहे, पुढच्या महिन्यात या" म्हणून घरी धाडायचा. हे सेवकरामने पाहिलं होतं, पण पाहणं वेगळं आणि ध्यानात घेणं वेगळं.

"हात बाजूनं उचल वो माय!" महाराज गरजले. "मूठ आवळ! अंगठा पाताळाकडे कर! दुखणं पाताळातलं, पाताळालेच दाखव!"

कौशल्येने हात उचलला. खांद्याच्या रेषेलाही पोचला नाही तोच ती कळवळली. "अया माय वो!"

"पाह्यलं का लोकहो? करणीनं मुसक्या बांधल्या आहेत!"

मग महाराजांनी मंत्र म्हटला. त्यात थोडी हिंदी, चिमूटभर संस्कृत आणि बाकी सगळं घरचं. त्यांनी कौशल्येचा तळहात उताणा केला आणि त्यावर पेटता दिवा ठेवला.

"आता पाताळ सोड, आभाळाकडे चल! हळूहळू. तेल सांडलं तर देवीमाय कोपन!"

आणि हात वर गेला. खांद्यावरून, कानावरून, थेट डोक्याच्या वर. दिवा लखलखत होता आणि कौशल्या स्वतःच तोंडात बोट घालायची बाकी होती. शंख फुंकला गेला. सेवकरामच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इतके दिवस ज्या हाताने तिला वेणी घालता येत नव्हती तो हात आभाळात होता.

"सवा महिना हात अंगाले बांधून ठेवजो," महाराजांनी त्याला बजावलं. "तुह्याच मागाच्या सुतानं, सात पदरी. मधीच गाठ सुटली त दुखणं तुह्या मागावर उतरन. मग ताण्याचा धागा तुटतच राहीन."

मागावर दुखणं उतरणार म्हटल्यावर विणकराची काय बिशाद! घरी येताच सेवकरामने सात पदर काढले आणि कौशल्येचा हात छातीशी बांधला. गाठ विणकराची, ती काय सुटते?

तिसऱ्या दिवशी कौशल्या म्हणाली, "हात आखडून राहिला जी. घडीभर सोडून द्या ना."

"इश्वास ठेव. डोळ्यानं पाह्यलं ना आपण?"

आठव्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. सेवकराम चिडला. पंधराव्या दिवसानंतर तिने विचारणंच सोडून दिलं, आणि या शहाण्याने त्याचा अर्थ असा लावला की गुण येतो आहे.

सवा महिना संपला. नारळ फोडून गाठ सोडली. हात बाजूला सरकेना. वीतभर हलला आणि कौशल्या अशी किंचाळली की शेजारची निर्मलाबाई धावत आली. सेवकराम तसाच मोटारसायकल काढून आसगावला पोचला. महाराजांनी त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

"तिचा इश्वास कमी पडला असन," ते म्हणाले आणि पुढच्याला हाक मारली.

सेवकराम मान खाली घालून दवाखान्यात गेला. मोनिका मॅडमनी खांदा तपासला.

"किती दिवस बांधला होता?"

"सवा महिना, जी."

"सुजलेला खांदा बांधून ठेवला, तर त्याच्या आतलं आवरण आकसतं. आता हा दीड-दोन महिन्यांचा आजार राहिला नाही. वर्ष लागू शकतं. त्याहून जास्तही."

कौशल्येने डोळ्याला पदर लावला. सेवकराम मात्र अजून अडून होता.

"पन मॅडम, दिवा त डोक्यावर गेला होता! मी आंधळा होतो का तवा?"

मॅडमनी बाकावर बसलेल्या भोजराजला बोलावलं. भोजराज करडी गावचा, त्याच दुखण्याचा, नुकताच इलाज सुरू झालेला. त्याला दिव्याची कथा ठाऊक नव्हती.

"काका, मूठ आवळून, अंगठा खाली करून हात बाजूनं उचला." अर्ध्यावरच भोजराजने तोंड वाकडं केलं. मॅडमनी त्याचा हात खाली आणला, तळहात उताणा केला आणि त्यावर पाण्याची वाटी ठेवली. "आता न सांडता वर न्या."

वाटी डोक्याच्या वर गेली. भोजराज स्वतःच खुदकन हसला.

"दंडाच्या हाडाला वर एक उंचवटा असतो," मॅडम म्हणाल्या. "अंगठा खाली असला की तो उंचवटा वरच्या हाडाखाली अडकतो आणि सुजलेली पिशवी चिरडतो. तळहात वर केला की उंचवटा बाजूला होतो, वाट मोकळी होते. सूज होती तिथंच राहते. दिवा कशासाठी, कळलं ना? तेल सांडू नये म्हणून माणूस आपसूकच तळहात वर ठेवतो."

सेवकरामला आपलीच शरम वाटत होती, आणि ती त्याने लपवली नाही.

पुढच्या मंगळवारी तो आमराईत होता. बेबीबाई नावाची एक शेतकरीण चौरंगासमोर आली आणि महाराज गरजले, "अंगठा पाताळाकडे..."

"थांबा महाराज!" सेवकराम पुढे झाला. "आज उलटं करून पाहू. पहिले तळहात वर, मंत्राच्या आधी. दिवाबी नको. मंगन तुमी मंत्र म्हना, आन मंगच पाताळाकडे करा."

"कोन हाय हा नास्तिक? हाकला याले!" कवडूने त्याची कॉलर धरली. पण बेबीबाईने गंमत म्हणून तळहात उताणा करून हात उचललाच होता. तो मंत्राविना, दिव्याविना वर गेला.

"अगा बापा!" ती म्हणाली. "गेला ना!"

"आता मंत्र म्हना महाराज," सेवकराम म्हणाला.

महाराज मंत्र म्हणेनात. बेबीबाईने स्वतःच अंगठा खाली केला, हात उचलला आणि ओरडली. मग रांगेत एकाने करून पाहिलं, मग दुसऱ्याने. बघता बघता सगळी रांग हात वरखाली करू लागली. कुणी कळवळत होतं, कुणी हसत होतं.

"लोकहो," सेवकराम ओरडला, "मी लय हुशार समजत होतो सोताले. माह्या बायकोचा हात मी माह्या हातानं बांधून वाया घालवला. ज्याइनं हात बांधला असन त्याइनं आजच सोडा! दवाखान्यात जा. आन कोनी चमत्कार दाखवला, त त्याले उलटा करून दाखव म्हना!"

काहींनी तिथेच दोऱ्या सोडल्या. काहींनी सेवकरामला शिव्या घातल्या. दोन बायांनी तरीही महाराजांच्या पायावर डोकं ठेवलं. पुढच्या मंगळवारी चौरंग रिकामा होता, पण आंबागडच्या बाजूला कुणी नवा महाराज बसला आहे म्हणे, आणि तो कंबर बरी करतो.

सेवकरामने घरी येऊन कौशल्येला सगळं सांगितलं, अगदी रंगवून. ती भिंतीकडे तोंड करून बोटं चालवत होती. बोटं छातीच्या उंचीपाशी थांबली, ती घामाघूम झाली आणि तिने हात खाली घेतला.

"बरं केलं," ती म्हणाली. "भर सभेत महाराजाले इचारलं."

"मंग! कोनी इचारलं नोतं आजवर."

"मी तिसऱ्याच दिवशी सांगतलं होतं, हात आखडून राहिला म्हनून. आठव्या दिवशीबी सांगतलं. हात त माहाच होता ना जी. मले काहून नाई इचारलं?"

कौशल्येने पुन्हा भिंतीला बोटं टेकवली, आणि सेवकराम तिच्या शेजारी उभा राहून हळू आवाजात, प्रत्येक बोटागणिक विचारू लागला, "दुखते का? आता दुखते का?"