मागची खुर्ची

"मान डोलवायची नाही. कुणी त्यांच्यावर कितीही तुटून पडलं, तरी कपाळाला आठी नको. आणि मिस्टर वेस्टल, प्लीज, घोरू नका."

ही टेसा. व्हाइट हाउसकडून आलेली, आमच्या धाकटीच्या वयाची पोरगी. दोन आठवडे त्या लोकांनी माझ्या बायकोसमोर, नोरीनसमोर, खोटे सिनेटर बसवून तिला प्रश्नांचा मार खायला शिकवलं, आणि शेजारच्या खोलीत टेसानं मला बसायला शिकवलं. मी जन्मभर लोकांच्या तळघरांत उतरून घर गरम ठेवायच्या भट्ट्या दुरुस्त केल्या. बसण्याचंही शिक्षण असतं, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

"नाकाला खाज सुटली तर?" मी विचारलं.

"सुट्टी होईपर्यंत कळ काढा."

राष्ट्राध्यक्षांनी सर्वोच्च न्यायालयासाठी माझ्या बायकोचं नाव सुचवलं होतं. आता सिनेटची समिती तिला सगळ्या देशासमोर पारखून घेणार आणि मग सिनेट मत देणार. आकडे असे काठावर होते की एक माणूस फिरला तरी नोरीननं गाशा गुंडाळून ओहायोला परतायचं. जिनं रात्रशाळेत कायदा शिकून इथवर मजल मारली, तिच्यासाठी दोन दिवस नाक न खाजवणं काही फार नव्हतं. मी तिच्या मागच्या खुर्चीत, कॅमेऱ्यांसमोर, ठोकळ्यासारखा बसलो. टीव्हीवाल्यांनी मला 'धीरगंभीर' म्हटलं. ते ऐकून आमची धाकटी फोनवर हसून हसून बेजार झाली.

दोन्ही दिवस सिनेटर फिरून फिरून काचेच्या कारखान्यावर येत होते. आमच्या गावचा तो कारखाना बुडाला आणि कामगारांचं पेन्शन अर्ध्यावर आलं. ते कोर्टात गेले. तीन न्यायाधीशांनी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला आणि तो लिहिला त्या तिघांतल्या नोरीननं. त्या शेकडो कामगारांत वेंडल ग्रुबर होता, माझा बोलिंगचा, म्हणजे मोठा चेंडू घरंगळत सोडून लाकडी पिना पाडायच्या खेळातला, जोडीदार. नोरीननं सुरुवातीलाच भर कोर्टात ते सांगितलं होतं, आणि दोन्हीकडच्या वकिलांनी हरकत नाही म्हटलं होतं. निकालानंतरही वेंडल दर शुक्रवारी मला खेळायला न्यायला येतो. फक्त घरात पाऊल टाकत नाही. रस्त्यावरूनच हॉर्न वाजवतो. नोरीन तो हॉर्न ऐकते आणि उगाचच नळ सोडून भांडी घासायला लागते.

दुसऱ्या संध्याकाळी टेसा हॉटेलात आली. तिसरा दिवस बाहेरच्या साक्षीदारांचा. त्या दिवशी जिच्याबद्दल बोलायचं ती हजर नसते, अशी रीत आहे. विरोधातल्या साक्षीदारांत वेंडलचं नाव होतं.

"उद्या खोलीतच थांबा," टेसा म्हणाली. "टीव्हीसुद्धा लावू नका."

"त्याच्या मागं कोण बसणार?"

"कुणाच्या?"

"वेंडलच्या. बायको गेली त्याची. मुलगी तिकडे अलास्कात. मला माणसं दिली होती ना तुम्ही शेजारी, तसं त्याला कोण आहे?"

टेसानं डोक्याला हात लावला. "जज वेस्टल यांचा नवरा विरोधातल्या साक्षीदाराच्या मागं? अहो, कॅमेरे दुसरं काही दाखवणारच नाहीत! एक मत हललं तरी संपलं सगळं. त्यांचं आयुष्य आहे हे."

ती गेली. नोरीन बूट काढून खिडकीपाशी बसली होती. समोरचं सूप गार होऊन गेलं होतं.

"तू बोल की काहीतरी," मी म्हणालो.

"काय बोलू? तो खोटं थोडंच बोलणार आहे. कामगारांना द्यायला कायद्यात काही सापडतंय का, म्हणून मी किती डोकं फोडलं, तू पाहिलंयस."

"पाहिलंय."

"जाऊ नकोस, असं म्हणायचंय मला, हार्लन. आणि म्हणवत नाहीये." तिनं डोळे पुसले. "झोप आता."

सकाळी ती बाथरूममध्ये असताना मी दारातूनच ओरडलो, "जरा फिरून येतो!"

आतून नळ वाजत होता. "जाडा कोट घाल," ती म्हणाली. "गारठा आहे."

साक्षीदारांच्या लांब टेबलाशी वेंडल कडेला बसला होता. अंगात बायकोच्या दफनाला घातलेला सूट. बाकीच्यांच्या मागं बायकामुलं, युनियनवाले. त्याच्या मागची खुर्ची रिकामी. मी तिच्यात बसलो. कॅमेरे खटाखट वाजले.

वेंडल वळला. "तू? अरे लेका, नोरीन जीव घेईल तुझा!"

"गप वाच. मी आहे मागं."

त्यानं कागद सरळ केला. "जज वेस्टल चांगल्या बाई आहेत. त्यांच्या घरी मी थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवलोय. पण काम मी पूर्ण केलं आणि पेन्शन मला अर्धं मिळालं. निकालात त्यांनी लिहिलंय, आम्हाला वाईट वाटतं. वाईट वाटण्यानं घर गरम होत नाही, साहेब..."

तेवढ्यात त्याचा घसा बसला. काचेच्या भट्टीसमोर सगळी नोकरी गेलेली, तो घसा असाच दगा देतो. पाणी प्यायला, पुन्हा ठसका. सिनेटर घड्याळाकडे पाहायला लागले. त्याचे कान लाल झाले होते. मला ते बघवेना. रुमाल द्यावा म्हणून मी जाड्या कोटाच्या खिशात हात घातला.

खिशात खोकल्याच्या गोळ्या होत्या, चेरीच्या, लाल कागदातल्या. मी असल्या गोळ्या कधी खात नाही. नोरीनही नाही. पूर्वी ती बोलिंगला यायची तेव्हा त्या पर्समध्ये ठेवायची, फक्त वेंडलसाठी.

मी त्याच्या खांद्यावरून एक पुढे केली. त्यानं ती घेतली आणि तळहातावर धरून पाहिली. मग वळून त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला काही सांगायची गरज पडली नाही.

"सावकाश, मिस्टर ग्रुबर," समितीचे अध्यक्ष म्हणाले.

वेंडलनं कागद सोलून गोळी तोंडात टाकली, अंगठ्यानं डोळे पुसले आणि पुढचं वाचायला लागला. नोरीनच्या विरोधातलंच. एकही शब्द गाळला नाही, आवाजही खाली आणला नाही.

कॅमेरे माझ्यावर होते. टेसानं शिकवलेलं सगळं विसरून मी मान डोलावली.